कानातलं निकेल, गुडघ्यातलं निकेल

कोपनहेगन

गुडघा किंवा खुबा बदलायची तारीख ठरली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून हमखास विचारणा होते : "मला खोटे दागिने चालत नाहीत, कानाची पाळी चिघळते. मग सांध्यात बसवलेला धातू सोसेल का? तुमच्याकडे आधी अ‍ॅलर्जीची तपासणी करतात ना?"

सरसकट करत नाहीत. आणि हा निर्णय निष्काळजीपणाचा नाही, कारण खोट्या दागिन्यांतून अ‍ॅलर्जी देणाऱ्या निकेलच्या मागे डेन्मार्कइतका हात धुऊन लागलेला देश विरळाच.

इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा त्रास पूर्वी दिसायचा तो बायकांच्या मांड्यांवर, लांब मोजे अडकवायच्या क्लिपांखाली. पुढे जीन्सच्या बटणामुळे बेंबीपाशी चट्टे दिसू लागले आणि कान टोचायची लाट आली तशी पाळी सुजू लागली. १९९० च्या सुमाराला सरकारने कायदाच केला : त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये. १९९४ मध्ये युरोपनेही तसाच नियम केला. नंतर इथल्या शाळकरी मुलींची तपासणी झाली. कायद्याआधी कान टोचलेल्यांत १७ टक्क्यांच्या आसपास मुलींना निकेलची अ‍ॅलर्जी निघाली, कायद्यानंतर टोचलेल्यांत ४ टक्क्यांच्या आसपास. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, म्हणून मला हा कायदा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे बाळाचे कान टोचतात तेव्हा सोन्याची तार वापरायचा आग्रह असतो. पुढे त्याच कानात रस्त्यावरचं स्वस्त कानातलं जातं, त्याचं कोण बघतं?

तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे क्षार व्हॅसलीनमध्ये कालवून छोट्या चकत्यांत भरतात आणि पाठीवर चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मग चकत्या काढून त्वचा बघतात, एकदोन दिवसांनी पुन्हा, आणि सातव्या दिवशी आणखी एकदा, कारण धातूंची प्रतिक्रिया कधीकधी उशिरा उमटते. पण पाठीची कातडी चिडली म्हणून हाडाशेजारची ऊतीही चिडेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. टायटॅनियमसाठी तर भरवशाची पॅच टेस्टच नाही.

मग खरं काय ते कळायचं कसं? इथे प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि बदललेल्या खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही १९९५ पासून आहे. कोपनहेगनजवळच्या गेन्टोफ्टे रुग्णालयाकडे पॅच टेस्टच्या जुन्या नोंदी होत्या. संशोधकांनी दोन्ही ताडून पाहिल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धातूची अ‍ॅलर्जी असलेल्यांना खुबा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. गुडघ्यांचा असाच अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यातही एकंदर फरक नव्हता. फक्त दोन किंवा अधिक वेळा पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्यांत कोबाल्ट-क्रोमियमची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. अ‍ॅलर्जीमुळे सांधा बिघडला, की बिघडलेल्या सांध्यातून झिजलेल्या धातूमुळे अ‍ॅलर्जी जडली, हे मात्र अशा नोंदींवरून ठरत नाही.

म्हणून सगळ्यांच्या पाठी चकत्यांनी भरण्यापेक्षा नीट विचारपूस करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. घड्याळाचा पट्टा, बटण, कानातलं यांनी कधी चट्टे उठले का? दातांच्या तारेने किंवा आधी बसवलेल्या प्लेटने त्रास झाला का? उत्तर ठाम 'हो' असेल, तर तपासणीला अर्थ आहे. गुडघ्यात सहसा वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूत निकेल अर्ध्या टक्क्याहून कमी असतं. प्लेट आणि स्क्रूच्या स्टीलमध्ये ते १३ ते १५ टक्के असू शकतं. संशय पक्का असेल तर सर्जन टायटॅनियमचा किंवा लेप दिलेला सांधा निवडू शकतात, पण त्यासाठी ही गोष्ट त्यांना आधीच सांगायला हवी, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

आणि ऑपरेशननंतर गुडघा दुखत, सुजत राहिला तर पहिला संशय अ‍ॅलर्जीवर घेऊ नये. आधी जंतुसंसर्ग तपासायचा, सांधा सैल झाला आहे का, वाकडा बसला आहे का हे बघायचं. त्यातलं काहीच सापडलं नाही, तरच पाठीवर चकत्या लावायची वेळ येते.