घरात कासव, पाळण्यात बाळ!

दोस्तांनो, घरात तान्हं बाळ आलं की किती नियम सुरू होतात, नाही? ‘बाहेरून आलास, आधी हातपाय धू!’ ‘सर्दी झालीय ना, मग पाळण्याजवळ जाऊ नकोस!’ पण तुमच्या घरी काचेच्या टाकीत कासव असेल, तर आणखी एक नियम हवा. तो कदाचित आजीलाही ठाऊक नसेल.

कानाजवळ लाल पट्टा असलेली ती हिरवी कासवं मूळची अमेरिकेतली. दिसायला कशी गोजिरवाणी! पण कासव, सरडा, साप अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात ‘साल्मोनेला’ नावाचे जंतू राहू शकतात. गंमत म्हणजे कासवाला त्यांचा सहसा काहीच त्रास होत नाही. ते मजेत पोहत असतं आणि विष्ठेवाटे जंतू पाण्यात उतरतात. तिथून त्याच्या पाठीवर, टाकीच्या काचेवर आणि मग आपल्या हातांवर! कासवाला घासूनपुसून आंघोळ घातली तरी उपयोग नाही. जंतूंचं घर त्याच्या पोटातच आहे ना!

मोठ्यांना हे जंतू बाधले तर ताप, जुलाब, पोटात कळा येतात आणि बहुधा आठवड्याभरात बरं वाटतं. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती मात्र कच्ची असते. जंतू रक्तात शिरले, तर जिवावर बेतू शकतं. त्यासाठी बाळाने कासवाला शिवायलाही नको. तुम्ही टाकीत हात घातला आणि तोच बाळाच्या गालाला लावला, की झालं!

अमेरिकेत अशी पुष्कळ मुलं आजारी पडली. म्हणून १९७५ साली तिथल्या सरकारने ४ इंचांहून छोटी कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. छोटीच का? कारण ती मुलं चटकन तोंडात घालतात!

तर ताई-दादांनो, एवढं कराच :

● कासवाला किंवा टाकीला हात लागला, की साबणाने निदान २० सेकंद हात धुवा.

● टाकी स्वयंपाकघरात किंवा बाळाच्या खोलीत नको. कासव घरभर मोकळं सोडू नका.

● टाकी धुणं मोठ्यांचं काम. तिचं पाणी संडासात ओता. भांडी घासायच्या किंवा बाळाला न्हाऊ घालायच्या मोरीत नको.

● बाळाला ताप, जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि घरात कासव आहे हे आठवणीने सांगा.

आईबाबांसाठी एक गोष्ट. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवूच नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मग कासवाला नदीत सोडायचं? मुळीच नाही! ते परदेशी पाहुणं आपल्या देशी कासवांचं खाणं नि जागा बळकावतं. लहान मूल नसलेल्या एखाद्या घरी ते द्या. (आपली देशी कासवं पाळणं तर कायद्याने गुन्हाच आहे.)

निरोप देताना डोळ्यांत पाणी येईल, कबूल. पण कासवं दीर्घायुषी असतात. बाळ मोठं झालं, की त्याचं बोट धरून कासवाला भेटायला जा. परतल्यावर दोघांनीही हात धुवायचे, बरं का!