डाव्या हाताची गोष्ट

मे महिन्यात सकाळी अकरानंतर छोट्या विमानात बसणं म्हणजे बरणीतल्या लोणच्यासारखं उन्हात मुरणं. मी ज्यावर शिकत होतो ते विमान डीए-40, ऑस्ट्रियन बनावटीचं, चार आसनांचं. पुढच्या दोघांच्या डोक्यावर पत्रा नाही, पारदर्शक फुगीर कॅनॉपी आहे. तिच्या बिजागऱ्या पुढे, त्यामुळे ती मागून उचलली जाते आणि पुढे कलते. आत बसलं की आपणच चौकट धरून ती खाली ओढायची आणि डावीकडचं हँडल फिरवायचं. पोलादी खिट्ट्या खोबणीत शिरतात आणि झाकण बसतं.

पण झाकण बसलं की आत भट्टी होते. म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवली आहे, ‘कूलिंग गॅप’. खिट्ट्या दुसऱ्या खोबणीत अडकवल्या की कॅनॉपी थोडी उघडी राहते आणि पंख्याचा वारा आत येतो. जमिनीवर चालताना हे चालतं, उड्डाणाआधी मात्र पूर्ण बंद करायचं. घोळ असा, की गॅपमध्येही खिट्ट्या अडकलेल्याच असतात. कॅनॉपी हलत नाही, खडखडत नाही. घाईतल्या डोळ्याला ती बंदच वाटते.

त्या दिवशी धावपट्टीच्या तोंडाशी टॉवरने आम्हाला थांबवलं. समोरून एक विमान उतरत होतं. माझी चेकलिस्ट अर्ध्यावर होती. तेवढ्यात परवानगी आली. मी घाईने ती परत म्हणून रीडबॅक दिला, चेकलिस्ट मांडीखाली सरकवली आणि ब्रेक सोडला.

शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, “थांब. तुझ्या डाव्या दंडाला काय लागतंय?”

“वारा, सर.”

“एसी बसवलाय का या विमानात?”

मी हँडल सोडवलं, चौकट खाली ओढली, पुन्हा लावलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. उड्डाण झालं, उतरलो. मला वाटलं, विषय संपला.

खरा तास हँगरमध्ये झाला. इंजिन बंद, विमान दोन ठोकळ्यांमध्ये उभं. सरांनी मला पुन्हा आत बसवलं. “डोळे मीट. तीनशे फुटांवर आहेस, चढतोयस. कॅनॉपी फटकन वर गेली. कर काय करायचं ते.”

माझा डावा हात आपोआप वर गेला.

“मेलास,” ते म्हणाले. “आता डोळे उघड आणि बघ, कुठला हात नेलास.”

तेव्हा लक्षात आलं. डाव्या आसनावर बसलं की उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि डाव्या हातात स्टिक. कॅनॉपीचं हँडलही डावीकडेच. म्हणजे झाकण धरायला जो हात उठतो, तो विमान उडवणारा हात असतो. त्याच्यामागे खांदा जातो, मान जाते, नजर जाते. नाक कधी वर गेलं, वेग कधी घटला, कळतही नाही. पंखांना पुरेसा वेग उरला नाही की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख उचलायचं थांबवतात. सावरायला उंची लागते, आणि तीनशे फूट त्यासाठी पुरत नाहीत.

“आणि हात पोचला असता, तरी बंद झाली असती का?” त्यांनी खडू घेऊन जमिनीवरच हिशेब मांडला. 60 नॉट म्हणजे ताशी सुमारे 110 किलोमीटर. या वेगाला वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण 60 किलोच्या वजनाइतका. 100 नॉटला तो 160 किलोंच्या पुढे जातो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय कॅनॉपीचा आकार पंखाच्या पाठीसारखा फुगीर. तिच्यावरून हवा पळते तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि ती वर ओढली जाते. हे ओझं एका हाताने, मान वळवून, खाली खेचायचं!

आमच्या शाळेतली बहुतेक मुलं सेस्ना 172 वर शिकलेली. तिला मोटारीसारखी बाजूची दारं. दार उघडलं तरी वारा ते दाबून धरतो. चार बोटांची फट राहते, भणभणाट होतो, बाकी विमान उडत राहतं. ग्रुमनच्या छोट्या विमानांची कॅनॉपी मागे सरकते, हवेत थोडी उघडी ठेवली तरी चालते. बाजूला बिजागरी असलेली कॅनॉपी मात्र वाऱ्याच्या तावडीत सापडली की फुटते किंवा उखडते, आणि तुकडे शेपटीकडे जाऊ शकतात.

तसंच झालं होतं नेदरलँड्सच्या वैमानिक नारिने मेलकुमियान यांच्या बाबतीत. कसरतींचा सराव, एक्स्ट्रा 330 एलएक्स विमान, उन्हाळ्याचा दिवस. हवेत कॅनॉपी उघडली आणि फुटली. कॅनॉपीची खिट्टी पूर्ण बसलीच नव्हती आणि आपल्या तपासणीत ते निसटलं, हे त्यांनी 2024 मध्ये त्या घटनेचा व्हिडिओ प्रसिद्ध करताना स्वतःच लिहिलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. श्वास घेणं अवघड, समोरचं दिसेना. दृष्टी पूर्ववत व्हायला जवळजवळ 28 तास लागले. पण विमान त्यांनी धावपट्टीवर सुखरूप आणलं, कारण त्या सगळ्या गोंगाटात त्या विमान उडवत राहिल्या.

ग्लायडरमध्ये हीच चूक दुसऱ्याच्या जिवावर उठते. ग्लायडरला दोराने ओढून नेणारं विमान पुढे असतं. ग्लायडरवाल्याने कॅनॉपी धरायला स्टिककडे दुर्लक्ष केलं, तर त्याचं ग्लायडर झपकन वर चढतं, दोर पुढच्याची शेपटी वर खेचतो आणि त्या विमानाचं नाक जमिनीकडे वळतं. उंची कमी असेल तर दोर सोडायलाही वेळ उरत नाही. म्हणूनच ब्रिटिश ग्लायडर क्लबांच्या पाठ केलेल्या तपासणीत कॅनॉपीला तिचं स्वतंत्र अक्षर आहे, आणि ते नुसतं म्हणायचं नसतं, हाताने वर ढकलून बघायचं असतं.

सरांनी नियम दोनच सांगितले. धावपट्टी उरली असेल तर थ्रॉटल मागे, ब्रेक, थांब. चाकं उचलली असतील तर कॅनॉपी विसर. वेग राख, वळणं उथळ घे, सर्किट पूर्ण कर, उतर. नकाशे उडतील, डोळ्यांतून पाणी येईल, डोक्यावरून रेल्वे चालल्यासारखं वाटेल. “वाटू दे. आवाजाने विमान पडत नाही.”

त्यानंतर आठवडाभर रोज तोच खेळ. डोळे मिटायचे, ते अचानक “उघडली!” म्हणायचे. पहिले दोन दिवस हात उठतच राहिला. तिसऱ्या दिवशी उठता उठता थांबला. शेवटी स्टिकवरच राहिला, फक्त बोटं घट्ट झाली. त्यावर ते म्हणाले, “बोटंही सैल सोड.”

आता धावपट्टीवर लाइन-अप करण्याआधी मी चौकट डाव्या हाताच्या मुठीने वर ठोकून बघतो. मधे कुणी बोललं, टॉवरचा निरोप आला, की चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून. परवा सर सहज म्हणून शेजारी बसले होते. माझं ठोकून झालं, मी “कॅनॉपी बंद” म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि माझ्यासमोरून हात लांब करून चौकट पुन्हा एकदा ठोकून पाहिली.