पडद्याचा फोटो पोलादपुरातच निघायला हवा
पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणहून शुगरचा पेशंट डोळ्याचा पडदा तपासायला निघाला, की सोबत घरचं माणूस घ्यावं लागतं. तपासणीआधी डोळ्यांत थेंब टाकतात, बाहुली मोठी होते. मग काही तास जवळचं अक्षर लागत नाही, उन्हाकडे बघवत नाही. भाडं दोघांचं, मजुरीही दोघांची बुडते. आणि डोळ्याला तर आज काहीच त्रास नसतो! "दिसतंय की मला, मग जाऊ कशाला?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, खर्चाचा आहे.

पण पडद्याचं हे दुखणं न दुखता वाढतं. वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्यांना फुगे येतात. फोटोत ते लाल टिंबांसारखे दिसतात. मग रक्ताचे ठिपके, झिरपलेल्या चरबीचे पिवळे डाग. सुई ओवायला, वाचायला जो मधला भाग लागतो तो सुजेपर्यंत नजर बहुधा शाबूत राहते. रक्त न पोचलेल्या पडद्यावर पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्त सांडलं की डोळ्यासमोर एकाएकी काळं जाळं येतं. लेझर आणि इंजेक्शनं पुढचं नुकसान रोखतात, पण गेलेली नजर पुष्कळदा पुरती परत येत नाही. त्यात गावात धूसर दिसलं की मोतीबिंदूच समजतात आणि तो पिकायची वाट बघतात. या गैरसमजात फार डोळे जातात.

2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्क्यांच्या पडद्यावर हा आजार आढळला.

त्याच वर्षी मुंबईतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांकडून, थेंब न टाकता, स्मार्टफोनवर चालणाऱ्या खास कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून घेतले. निदान फोनमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेने केलं, इंटरनेटशिवाय. 213 मधुमेहींच्या फोटोंत, तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा आजार असलेला एकही त्यातून सुटला नाही. तसा आजार नसलेल्या शंभरांतले अकरा-बारा मात्र उगाच पाठवले गेले असते. मला हा सौदा परवडणारा वाटतो.

सह्याद्रीच्या घड्यांत जिथे फोनला रेंज मिळत नाही, तिथे इंटरनेटशिवाय चालणारं यंत्र लाखमोलाचं. महाड-पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत साखर तपासतात त्याच दिवशी, त्याच रांगेत हा फोटो निघाला, तर वेगळी फेरी पडणार नाही. मोतीबिंदू असला किंवा बाहुली बारीक असली की फोटो धूसर येतो; असा पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी न धाडता नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवावा. आणि ज्याच्या पडद्यावर रक्त दिसलं, त्याच्या हातात नुसती चिठ्ठी देऊन भागणार नाही. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पार दुसऱ्या टोकाला. तिथली तारीख, गाडी आणि त्याच्या गावच्या आशाताईचा पाठपुरावा हे कॅमेरा घेतानाच ठरवून ठेवायला हवं.