सत्तर मीटरवरचा उजेड

वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्या दिवशी नव्हे. आपल्याकडे तो मान नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा. त्या दिवसांत नांदेडला पावणेसहाच्या आसपासच दिवस बुडतो, लातूरला त्यानंतर तीन-चार मिनिटांनी. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. अर्ध्या तासात काळोख. लातूरमध्ये शिकवणी सुटून मुलगी घरी येते, धनुष्याचे हात जोडते, प्रत्यंचा चढवते आणि समोर बघते तेव्हा टार्गेट दिसेनासं झालेलं असतं.

जागेची अडचण म्हणावी तर तीही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड धनुर्विद्येचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघांचा सराव साताऱ्याच्या ज्या अकादमीत झाला ती उसाच्या रानात उभी राहिलेली. मराठवाड्यात आखाड्यावर, घरामागच्या मोकळ्या रानात तेवढी जागा निघतेच. बाणाशी नांदेडचं नातंही जुनं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी माधोदास बैराग्याला, म्हणजे पुढच्या बंदासिंग बहादुरांना, आपल्या भात्यातले पाच बाण दिले ते याच गावी, असं शीख परंपरा सांगते. हिवाळ्यात कमी पडतो तो फक्त उजेड, आणि तो आणायला निघालं की प्रकाश, डोळा आणि हवा यांची एकेक नवलाई उलगडू लागते.

महाभारताच्या आदिपर्वात रात्रीच्या सरावाची गोष्ट आहे. द्रोणाचार्यांनी आचाऱ्याला एकांतात बजावलेलं असतं, अर्जुनाला अंधारात कधी जेवायला वाढू नकोस. पण एके रात्री अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझतो आणि हात मात्र न चुकता तोंडाशी जात राहतो. सवयीने हाताला वाट सापडते हे अर्जुनाच्या ध्यानात येतं आणि तो रात्री धनुष्य घेऊन बाहेर पडतो. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्य उठून येतात आणि त्याला मिठी मारतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट अगदी खरी आहे. आपला हात कुठे आहे हे स्नायू आणि सांध्यांतल्या संवेदना डोळ्यांशिवाय सांगत असतात. धनुष्य ओढणं, हनुवटीला टेकवणं, खांदा मागे नेणं हे सारं काळोखातही जमतं. उजेड लागतो तो एकाच जागी, लक्ष्यावर.

तरीही बहुतेक जण पहिला दिवा लावतात तो आपल्या डोक्यावर. आता थोडा हिशेब करू. बाजारात मिळणारा ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट, ज्याला आपण सरसकट 'फोकस' म्हणतो, साधारण ५,००० ल्युमेन प्रकाश देतो आणि तो रुंद पसरवतो. त्याच्या समोर २ मीटरवर कागद धरला तर त्यावर सुमारे ४०० लक्स उजेड पडतो. अंतर दुप्पट केलं, ४ मीटर, की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो: १०० लक्स. अंतर वाढतं त्याच्या वर्गाने प्रकाश विरळ होत जातो. आता हाच फोकस नेमबाजाच्या डोक्यावर लावून ऑलिंपिकच्या ७० मीटर अंतरावरचं टार्गेट उजळायला निघालो तर तिथे पोचतो सुमारे ०.३ लक्स. स्वच्छ आकाशातली पौर्णिमा जमिनीवर जवळपास इतकाच उजेड टाकते. म्हणजे वीज जाळून आपण पदरात पाडून घेतलं ते चांदणं, जे महिन्यातून एकदा फुकट मिळतंच.

असेच दोन फोकस टार्गेटपासून ३ मीटरवर, डाव्या-उजव्या बाजूंना तिरके ठेवले की कागदावर २५० लक्सच्या घरात उजेड पडतो. आठशे पट फरक; त्यातली दुप्पट दुसऱ्या दिव्याची, बाकी सारी जागा बदलल्याची. पण मग मनात येतं, टार्गेटवरून परतणारा प्रकाशही ७० मीटर चालूनच डोळ्यांत येतो ना? तो विरळ होत नाही का? होतो. पण त्याच प्रमाणात डोळ्यातली टार्गेटची प्रतिमाही लहान होते. कमी प्रकाश कमी जागेत गोळा होतो, आणि पृष्ठभाग जवळून जितका तेजस्वी दिसतो तितकाच लांबूनही दिसतो. स्वच्छ हवेत उजळलेली भिंत दूर गेल्याने लहान दिसते, मंद दिसत नाही. म्हणून दिवा लक्ष्याजवळ ठेवणं पुरतं. ७० मीटर बाणाने पार करायचे असतात, दिव्याच्या प्रकाशाने नाही.

फार जवळ ठेवूनही चालत नाही. टार्गेटचा मोठा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा. दिवा एका कडेपासून १ मीटरवर असेल तर दुसरी कड सव्वादोन मीटरच्या आसपास जाते, आणि जवळच्या कडेला दूरच्यापेक्षा जवळजवळ पाचपट उजेड मिळतो. ३ मीटरवर नेलं की तो फरक दुपटीवर येतो, आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्याने तोही भरून निघतो. दोन दिव्यांचा आणखी एक उपयोग रुतलेल्या बाणापाशी उभं राहून बघावा. एकच दिवा असला तर प्रत्येक बाणाची लांब काळी सावली कागदावर आडवी पडते, पिवळ्या वर्तुळातून थेट निळ्यात जाते, आणि दुरून ती सावली आणि बाण वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्या बाजूचा दिवा लागला की सावली फिकट होऊन मागे सरते आणि नळीची कड स्पष्ट उठते. दोन्ही दिवे जमिनीलगत, बाणाच्या मार्गाच्या बाहेर ठेवावेत. त्यांच्यापुढे नेमबाजाच्या बाजूला फळी किंवा वाळूची पोती लावावीत, म्हणजे चुकलेल्या बाणापासून दिवा वाचतो आणि दिव्याच्या झळाळीपासून डोळा.

डोळ्याचं नवल याहून मोठं आहे. आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी सुमारे ६० लाख. त्यांना रंग आणि बारकावा दिसतो, पण भरपूर उजेड लागतो. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या अतिशय मंद उजेडातही काम करतात, पण रंग ओळखत नाहीत. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपली सर्वांत तीक्ष्ण नजर वसते, त्या खळगीत दंडपेशी मुळीच नसतात. दंडपेशींविनाचा हा भाग दृष्टीच्या एका अंशाहून थोडा मोठा. आणि ७० मीटरवरचं १२२ सेंटिमीटरचं टार्गेट डोळ्याशी जेमतेम एक अंशाचा कोन करतं, दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत तेवढा. म्हणजे नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात टार्गेटकडे रोखून पाहिलं की अख्खं टार्गेट नेमकं डोळ्याच्या आंधळ्या तुकड्यात जाऊन पडतं आणि नाहीसं होतं. नजर जरा बाजूला नेली की पांढुरका डाग पुन्हा उमटतो. मंद तारा पाहायला आकाशनिरीक्षक हीच युक्ती वापरतात. नेमबाजाची सारी साधना मात्र सरळ पाहण्याची. उजेड कमी पडला तर त्याची नजर जिथे सर्वांत धारदार, तिथेच ती सर्वांत आधी हरते.

रंगांचंही तसंच. टार्गेटवर मधून बाहेर पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा असे पट्टे असतात. १८१९ मध्ये चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याच्या लक्षात आलं की दिवसा झळाळणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात, आणि निळं-हिरवं त्या मानाने उजळ वाटतं. शंकूपेशींना पिवळट-हिरवा प्रकाश सर्वांत चांगला दिसतो, दंडपेशींना निळसर-हिरवा. लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे संध्याकाळी दिवे न लावता टार्गेटकडे बघत बसलं तर एक विलक्षण बदल डोळ्यांदेखत घडतो. लाल पट्टा काळा पडतो, निळा राखाडी होऊन वर येतो, आणि रंगांचं सारं गणित उलटंपालटं होतं. कागद तोच, पण पाहणारा डोळा बदललेला असतो.

मग नेमबाजाभोवती मिट्ट काळोख ठेवावा का? तेही नको. काळोखात डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, भर उजेडात ती २ मिलिमीटरवर येते. बाहुली जितकी मोठी तितके भिंगाच्या कडांचे दोष प्रतिमेत उतरतात आणि सगळंच किंचित पसरट दिसतं. म्हणून उभं राहायच्या रेषेवर, पाठीमागून आणि वरून, डोळ्यात न शिरणारा सौम्य दिवा हवा. एअर रायफलच्या नियमांत हे शहाणपण आकड्यांत बांधलेलं आहे. १० मीटरच्या बंदिस्त रेंजवर टार्गेटवर किमान १,५०० लक्स आणि एकूण रेंजमध्ये किमान ३०० लक्स उजेड आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाला अपेक्षित आहे. तिथल्या कागदावर १० गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, आणि नेमबाज पाहतो ते मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून. छिद्र लहान म्हणून चित्र रेखीव, पण प्रकाश थोडका. म्हणून टार्गेटवर उजेड भरपूर. याच प्रकारात ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण २००८ साली बीजिंगला जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राची घडणही घरच्याच रेंजवर झाली.

एक गंमत विजेची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साध्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. हलक्या प्रतीच्या एलईडीत ही उघडझाप फार तीव्र असते. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावणारा बाण एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात साधारण ६० सेंटिमीटर पुढे सरकतो. त्यामुळे अशा दिव्याखाली बाजूने पाहिलं तर उडणारा बाण सलग रेघ दिसत नाही. साठ-साठ सेंटिमीटरवर उमटलेल्या बाणांची माळ दिसते. दिसायला सुंदर, पण डोळ्याला थकवणारी. चांगल्या ड्रायव्हरचा किंवा थेट बॅटरीवर चालणारा दिवा घेतला की प्रकाश स्थिर राहतो. खर्च तर अगदीच किरकोळ: दोन फोकस दोन तास चालवले तर २०० वॉट-तास, म्हणजे युनिटचा पाचवा हिस्सा. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी हे ओझं सहज पेलते, भारनियमन असलं तरी.

हिवाळ्याची रात्र नेमबाजाला बरंच काही देतेही. दिवसा काळ्या रानावरून तापलेली हवा वर उठते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकत राहतो आणि टार्गेट थरथरतं. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तिथेच बसते, वारा पडतो. तुराट्या पेटवल्या तर धूर वर न जाता रानावर आडवा पसरतो, तो याचमुळे. अशा हवेत टार्गेट ठाम दिसतं आणि बाण बाजूला वाहत नाही. मात्र १० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के दाट असते. बाणाला विरोध थोडा वाढतो आणि तो जरा खाली लागतो. उन्हाळ्यात लावलेली साइट म्हणूनच हिवाळ्यात पुन्हा जुळवावी लागते. गोदावरीकाठी धुकं उतरलं तर दिव्यांच्या जागेची परीक्षाच होते. डोळ्याजवळचा दिवा धुक्यावर आपटून परत डोळ्यातच येतो आणि समोर पांढरी भिंत उभी करतो. टार्गेटजवळचा दिवा असं फारसं करत नाही. पावसाळ्यात दिव्याला झोंबणारे किडेही या दिवसांत कमी.

दिवसा जे आपोआप दिसतं ते रात्री मुद्दाम दिसेल असं करावं लागतं, आणि यात हयगय नको. टार्गेटमागे मातीचा उंच बांध हवाच, आणि त्याच्या आजूबाजूला कुणी उभं असेल तर ते दिसेल इतका उजेड तिथेही हवा. बांधापलीकडे शेजाऱ्याचा हरभरा असेल आणि रात्रीच्या लाइनीवर कुणी पाणी द्यायला आलं असेल, तर ते ठाऊक असल्याशिवाय एकही बाण सुटता कामा नये. स्पर्धेतल्या शिट्ट्या घरीही पाळाव्यात: दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की बाण सोडायचे, तीन वाजल्या की बाण काढायला जायचं. बाण काढताना हातात टॉर्च हवा, कारण रुतलेल्या बाणाचं मागचं टोक समोरून फक्त ठिपक्याएवढं दिसतं आणि नेमकं डोळ्याच्या उंचीवर असतं.

यंदाच्या थंडीत हे स्वतः पडताळून बघा, धनुष्य नसलं तरी. एक लाल, एक निळा आणि एक पांढरा कागद अंगणाच्या टोकाला शेजारी शेजारी लावा आणि दिवस बुडताना लाल कधी काळा पडतो ते बघा. मग एकच दिवा घ्या. आधी तो आपल्या खांद्यापाशी धरून कागद बघा, नंतर कुणाला तरी तोच दिवा कागदांजवळ बाजूला धरायला सांगा. मुलांना हे दाखवलंत तर अंतराच्या वर्गाचा तो नियम त्यांना वेगळा पाठ करावा लागणार नाही. आणि घरात कुणी धनुर्धर असेल, तर तिची रोजची दोन तासांची हुकणारी संध्याकाळ युनिटच्या पाचव्या हिश्शात परत मिळेल.