मागेल त्याला काम : फेब्रुवारीतले जादा शंभर

आज बेकारी भत्त्यावर लिहायचे ठरले होते. पण ठाण्याच्या एका वाचकाने विचारले आहे, ‘पगारातून दर महिन्याला पी. टी. म्हणून दोनशे कापतात, फेब्रुवारीत मात्र तीनशे. त्या महिन्यात आम्ही सरकारचे काय घोडे मारले?’ भत्ता राहू दे पुढच्या आठवड्यावर. रोजगार हमीची निम्मी गोष्ट या कपातीत आहे, आणि ती सांगायला मला निमित्तच हवे होते.

आधी हिशेब. पी. टी. म्हणजे व्यवसाय कर; घटनेच्या कलम २७६ प्रमाणे तो एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येत नाही. अकरा महिन्यांचे झाले २,२००. राहिलेले तीनशे फेब्रुवारीत.

महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमीसाठीच. ही हमी सुचवणाऱ्या पागेसाहेबांची योजना दुष्काळात राज्यभर गेली खरी; पण पाऊस पडल्यावरही मस्टर चालू ठेवायचे तर मजुरी कुठून आणायची? उत्तर सापडले शहरी पगारदाराच्या खिशात. कर रोजगार हमी निधीत जायचा आणि तेवढीच भर शासनाने घालायची. मोटारी, विक्रीकर, बागायती जमीन यांच्यावरही थोडा बोजा पडला, पण मोठा वाटा व्यवसाय कराचा, आणि त्यातही मुंबईचा. फोर्टातल्या कारकुनाने माण-खटावातल्या नालाबंडिंगची मजुरी भरायची! आपल्या विधिमंडळाने इतका धीट कायदा क्वचितच केला असेल.

मग १९८८ उजाडले. कराची मर्यादा घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० वर गेली. त्याच वर्षी राज्यात शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले, त्यामुळे हमीच्या कामावरची मजुरीही वाढली. आता कामावर रीघ लागायला हवी होती. झाले उलटेच. मजुरी महाग झाल्यावर यंत्रणेने नवी कामे काढताना हात आखडता घेतला आणि हजेरी घसरली. पुढे तर निधीत पैसा शिल्लक आणि मजूर कामाच्या शोधात परगावी, असे चित्र दिसू लागले. कर मात्र कधी चुकला नाही.

ती २,५०० ची मर्यादा अजून तिथेच आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला हमीच्या कामावरचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. म्हणजे वर्षभराच्या कपातीत एका मजुराच्या जेमतेम आठ हजेऱ्या भागतात. शिवाय दहा हजारांच्या थोडा वर पगार असलेला रखवालदार जेवढा कर भरतो, तेवढाच त्याच्या कंपनीचा संचालक. स्त्रियांना २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत माफी मिळाली, ते चांगलेच झाले. तीच माफी रखवालदाराला द्यावी आणि वरची मर्यादा उठवावी, असे माझे मत. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल, आणि त्याची कुणाला घाई दिसत नाही.

ठाणेकरांसाठी जाता जाता : प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरत असाल, तर ही कपात पगाराच्या उत्पन्नातून वजा करून मिळते. नव्या पद्धतीत नाही.