जुने यंत्र, नवा संगणक

तालुक्याला वर्कशॉप काढलेल्या मुलाने लाकडावर नक्षी कोरणारे जुने यंत्र स्वस्तात आणले, तर वाचकहो, त्याला एवढे जरूर सांगा. यंत्राची २५ पिनांची केबल ज्या पॅरलल पोर्टला लागते, तो नव्या संगणकाला बहुधा नसतोच. दुकानदार यूएसबीची केबल दाखवील. ती प्रिंटरपुरती! यंत्राची मोटार एका ठोक्याला एक पाऊल सरकते. ठोका चुकला की नक्षी बिघडली. संगणकात बसणारे पोर्टचे कार्डच घ्यावे. लॅपटॉप नको. शिवाय पोर्ट ५ व्होल्टचा, यंत्राकडची वीज अनेकदा २४ व्होल्टची. थेट जोडली तर पोर्ट जळेल. मध्ये ऑप्टोकप्लरचा बोर्ड हवा. तो उजेडाने निरोप पोचवतो, वीज अलीकडे येऊ देत नाही. स्टार्टरचे पैसे वाचवून विहिरीवरची मोटार जाळणारे तुम्ही पाहिलेच असतील!