देवनारची गुन्हेशास्त्राची शाळा

दरेकसा हे नाव ज्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले, त्यांनी ते बहुधा नक्षलवाद्यांच्या ‘दरेकसा दलम’ या सशस्त्र तुकडीच्या जोडनावानेच वाचले असेल. परंतु मुंबई-हावडा लोहमार्गावरील बोगद्याच्या आणि माघी पौर्णिमेस गोंडी भाविकांनी गजबजणाऱ्या कचारगडच्या गुंफांच्या शेजारचे, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तहसिलीतील हे गाव त्या दलमाच्या पुष्कळ आधीपासून तेथे आहे. अशा गावच्या एखाद्या पदवीधराने गुन्हेशास्त्रात एम. ए. करण्याचा मनोदय बोलून दाखविला, की पोरगा आता फौजदार होणार, असा घरच्यांचा ग्रह होतो.

हे शास्त्र शिकविणारी महाराष्ट्रातील जुनी पेढी म्हणजे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या संचालकत्वाखाली १९३६ साली नागपाड्यात ती सुरू झाली, १९५४ मध्ये देवनारला गेली आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिच्या आरंभीच्या काळात १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा अंमलात होता. अमुक जातीत जन्मला म्हणून गुन्हेगार, हे सरकारी दफ्तराचे शास्त्र होते, आणि ते १९५२ मध्ये कुठे रद्द झाले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात येऊन, कारागृहे ही सुधारणेची स्थळे व्हावीत, असे सांगून गेले. मनुष्य गुन्हेगार का होतो, या प्रश्नाला जन्मपत्रिकेबाहेर उत्तर शोधावयास आपण इतका उशीर लावला, याचे नवल वाटते.

देवनारचा अभ्यास समाजकार्याच्या अंगाने जाणारा असल्यामुळे विद्यार्थ्यास वर्गाइतकेच तुरुंगाच्या आवारातही शिकावे लागते. समोर कच्चा कैदी बसतो. त्याच्यावर लावलेले कलम कागदावर असतेच. विद्यार्थ्याने विचारावयाचे ते निराळे: गाव कधी सोडले, अटकेची वार्ता घरी पोहोचली का, वकीलपत्र कोणी घेतले, मुलाखतीस कोण येते. पुष्कळदा जामीन मंजूर झालेला असूनही जामीनदार मिळत नाही, म्हणून मनुष्य आतच राहतो. भारतीय तुरुंगांतील चारांपैकी सुमारे तीन बंदी असे निकाल न लागलेले आहेत, हा आकडा समोरच्या माणसाने आपल्या पत्नीचा पत्ता आठवून आठवून सांगितला, की मग नीट कळतो. संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प अशा बंद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनासाठी काम करतो. माझ्या मते या शाळेची खरी प्रयोगशाळा तीच.

ज्यास सूक्ष्मदर्शक आणि ठसे यांची ओढ आहे, त्याने मध्य प्रदेशातील सागरच्या विद्यापीठाचा विचार करावा. नागपुरात वकिली गाजविलेल्या हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये स्थापिलेल्या त्या विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग आहे. एके काळी भंडारा जिल्ह्यात असलेले दरेकसा आणि सागर एकाच प्रांतात मोडत. प्रांतरचनेने सागर परके केले, तरी मुंबईपेक्षा ते आजही पुष्कळ जवळ.

देवनारला जावयाचे, तर गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस आहे; सुमारे हजार किलोमीटरांचा प्रवास. तेथून परतणाऱ्यास कारागृहात, बालगृहात किंवा स्वयंसेवी संस्थेत काम मिळू शकते. पगाराबद्दल फार आशा धरू नये. आणि पोराने फौजदारच व्हावे, असा घरच्यांचा हट्ट असेल, तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यासाठी देवनारपर्यंत जाण्याचे कारण नाही.